दंडावरची फीत

माझ्या बायकोला एक वॉल्ट्झ हवा होता. माझ्याबरोबर नाचायला, अंगात घेरदार झगा घालून आणि दंडावर फीत न बांधता. बस, एवढंच. तिने तो मला एकदा मागितलाही होता आणि मी तिला माझं ठेवणीतलं उत्तर दिलं होतं. त्यानंतर दोन वर्षं मी हॉलंडमधल्या निरनिराळ्या किल्ल्यांबाहेर गाडीत बसून मोबाइलवर क्रिकेट बघत होतो. तिला काय हवं होतं ते मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा मी नेमका तोच वॉल्ट्झ दुसऱ्या तीन बायकांना देऊन बसलो होतो.

ठेवणीतलं उत्तर म्हणजे काय ते आधी सांगतो. मला तोंडावर नाही म्हणता येत नाही. आमच्या घरात ती पद्धतच नव्हती. नको असलेलं स्थळ कुणी आणलं की वडील म्हणायचे, ‘पत्रिका ठेवून जा.’ आईला एखाद्या हळदीकुंकवाला जायचं नसलं की ती ‘जमवते हं’ म्हणायची. समोरचा काय ते समजायचा आणि कुणाचं मन न दुखावता विषय संपायचा. मीही तेच उचललं. मान थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे, चेहऱ्यावर हसू आणि ‘बघू की’. पुण्यात एवढ्या सामग्रीवर माझं पंचवीस वर्षं उत्तम चाललं. हॉलंडमध्येही चाललं असतं, पण इथल्या लोकांच्या खिशात डायरी असते. तुम्ही हसून मान हलवलीत की समोरचा माणूस डायरी काढतो, दिवस आणि वेळ विचारतो आणि लिहून टाकतो. त्याला अफ्स्प्राक म्हणतात. दात दाखवायला जायचं असो नाहीतर सख्ख्या भावाकडे कॉफी प्यायला, आधी अफ्स्प्राक लागते. एकदा लिहिलं की ती काळ्या दगडावरची रेघ.

आम्ही हूफडॉर्पला राहतो. विमानतळ जवळ, माझं ऑफिस त्याहून जवळ, आणि सगळ्यात जवळ आमची शेजारीण. शेजारणीला इथे ब्यूरफ्राउ म्हणतात आणि गेली कित्येक वर्षं आम्हीही तिला तेच म्हणतो. ती सत्तरीच्या पुढची आहे, शाळेत जीवशास्त्र शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिला जुन्या काळचे झगे शिवायचा नाद लागला. माझी बायको इस्पितळाच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळे घालून आली की तिला काहीतरी मोठं, रंगीत आणि डोळ्यांना दिसणारं हवं असतं. कुंपणावरून दोघींचं सूत जुळलं. मग बायकोने तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीला ओढलं. ही मैत्रीण अ‍ॅमस्टेलव्हीनला राहते, लोकांची कराची विवरणपत्रं भरून देते, उंची जेमतेम पाच फूट आणि आवाज मात्र दुमजली. तिघी मिळून एका हौशी मंडळात जाऊ लागल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचे कपडे घालायचे, त्याच काळातले नाच त्याच काळातल्या शिस्तीत नाचायचे, असं ते मंडळ. वर्षातून तीन-चार वेळा एखाद्या किल्ल्यातलं दालन घेऊन त्यांचा बॉल, म्हणजे नाचाचा समारंभ, होतो. तो दुपारी दोनला सुरू होतो आणि साडेपाचला संपतो, कारण सहाला जेवायचं असतं. बाकी सगळं एकोणिसाव्या शतकातलं चालतं, पण जेवण सहालाच.

गाडी चालवणं माझ्याकडे कसं आलं, तेही असंच. मैत्रिणीने विचारलं, ‘भावोजी, सोडाल ना आम्हाला?’ मी मान हलवली. ती मराठी आहे, त्या मानेचा अर्थ तिला पक्का ठाऊक आहे. पण गैरसोयीचा अर्थ ती घेत नाही.

त्या काळच्या झग्याच्या आत क्रिनोलिन नावाचा पोलादी कड्यांचा पिंजरा असतो. गावाकडे कोंबड्या झाकायला डालगं असतं, त्याची ही थोरली बहीण. उभ्या बाईला ती फार शोभते. बसलेल्या बाईचं मात्र ऐकत नाही. मागच्या सीटवर दोघी बसल्या की कडी पुढून वर उचलली जात आणि झगे गाडीच्या छताला टेकत. मला आरशात फक्त पांढऱ्या लेसचे ढीग दिसत, आणि त्या ढिगांमागून मैत्रिणीचा आवाज येई, ‘डावीकडून सायकल येतेय हं, भावोजी.’ तिला काहीही दिसत नसे. हॉलंडमध्ये डावीकडून सायकल येतच असते, एवढ्या भरवशावर ती बोलायची.

पहिल्या वेळी किल्ल्याच्या खंदकावरच्या पुलापाशी मी गाडी थांबवली. ब्यूरफ्राउ आणि मैत्रीण पुढे गेल्या. बायको मागे रेंगाळली आणि खिडकीतून वाकून म्हणाली, ‘आत येतोस का? शेवटचा वॉल्ट्झ सोपा असतो म्हणे. तेवढाच नाचू.’

मी म्हणालो, ‘बघू की.’

ती ‘बरं’ म्हणाली आणि झगा सावरत पुलावरून गेली. मी सीट मागे केली आणि स्कोअर बघितला. हा सगळा प्रसंग मी त्या संध्याकाळपर्यंत विसरूनही गेलो होतो.

आता फितीचं सांगतो. अशा मंडळांत बायका भरपूर असतात आणि पुरुष मोजून चार. मग काही बायकांना पुरुष व्हावं लागतं. झगा तोच, डालगं तेच, पण डाव्या दंडावर एक फीत बांधायची, म्हणजे समोरच्या ओळीला कळतं की ही बाई या नाचापुरती पुरुष आहे. साहजिकच उंच बायकांना पकडतात. माझी बायको पाच फूट नऊ इंच आहे. या उंचीपायी तिची दोन स्थळं मोडली होती. तिसरा मी. मी दीड इंचाने कमी आहे आणि लग्नाच्या फोटोत पाटावर उभा आहे. तर इथे तिची उंची पाहून मंडळाला आनंदाचं भरतं आलं आणि पहिल्याच दुपारी तिच्या दंडावर निळी फीत बांधली गेली. ती परत आली तेव्हा मी विचारलं, ‘कसं झालं?’ ती म्हणाली, ‘मी पुरुष होते.’ मला ते फार विनोदी वाटलं. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. तिला ते आवडतं का, हे मात्र मी तिला विचारलं नाही. तिने महिना महिना खपून शिवलेला जांभळा झगा आणि त्यावर ती निळी फीत, हे मी दोन वर्षं बघत होतो आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काही शिरलं नाही.

एका एप्रिलमध्ये मी कचऱ्याचा डबा आत घेत होतो. ब्यूरफ्राउ कुंपणापलीकडे गुडघ्यांवर बसून माती उकरत होती. मान वर न करता ती म्हणाली, ‘गुरुवारी सात वाजता सराव आहे. दोन पुरुष सोडून गेले. तू येशील?’

मी हसलो, मान हलवली आणि डचमध्ये म्हणालो, ‘छान कल्पना आहे. बघू या.’ माझ्या दृष्टीने विषय संपला. गुरुवारी पावणेसातला दारावरची घंटा वाजली. मुलीने दार उघडलं. ती पंधरा वर्षांची आहे, मराठी सगळं समजते आणि उत्तर आपल्या सोयीच्या भाषेत देते. तिने खालून ओरडून सांगितलं, ‘बाबा, युअर डेट इज हिअर!’ दारात ब्यूरफ्राउ उभी होती. एका हातात बुटांची पिशवी आणि दुसऱ्या हातात, पुरावा म्हणून की काय, डायरी.

बायको जिन्यावरून खाली आली. मी बूट चढवताना तिने बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. मला वाटलं, तिला हसू येतंय.

सराव एका शाळेच्या व्यायामशाळेत होता. नाचमास्तर पन्नाशीचे, सडपातळ, ताठ. दिवसा ते गेमेंटेत, म्हणजे नगरपालिकेत, सांडपाण्याच्या नकाशांवर काम करतात. त्यांनी मला पुरुषांच्या ओळीत उभं केलं. माझ्या डाव्या हाताला निळी फीत बांधलेली माझी बायको होती. आम्ही एकमेकांना ओळखतो हे मास्तरांना कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही काही बोललो नाही.

पहिला नाच क्वाड्रिल. चार जोड्यांचा चौकोन, आणि चार-चार ठोक्यांनी पुढे, मागे, आरपार. चार ठोके म्हटल्यावर मला हायसं वाटलं, कारण शाळेत आम्हाला लेझीम होतं. पीटीच्या सरांनी सात वर्षं आमच्याकडून ते घोटून घेतलं होतं. पण सात वर्षं घोटलेली गोष्ट पायांतून जात नाही. चार मोजले की माझे गुडघे आपोआप वाकतात. क्वाड्रिलमध्ये चौथ्या ठोक्याला जोडीदारणीला हात द्यायचा असतो. माझ्या समोरच्या बाईंनी हात पुढे केला तेव्हा मी जमिनीलगत होतो. त्यांना वाटलं माझं काही पडलं, म्हणून त्याही वाकल्या. त्यांना बघून शेजारची जोडी वाकली. मास्तरांनी संगीत बंद केलं.

‘काय हरवलंय?’ त्यांनी विचारलं.

काही नाही, असं सांगता आलं असतं. मी म्हणालो, ‘बहुतेक बटण.’

सोळा जणांनी पाच मिनिटं व्यायामशाळेची जमीन धुंडाळली. एक बटण सापडलंसुद्धा. ते मला समारंभपूर्वक देण्यात आलं आणि ते अजून माझ्याकडे आहे.

त्यानंतर मी एकच धोरण ठेवलं. मास्तरांकडे बघायचं नाही, बायकोकडे बघायचं. ती ओठ न हलवता पुटपुटायची, ‘डावा पुढे. थांब. वाकू नकोस. आता उजवा.’ सगळ्या ओळीत तिच्याइतका सफाईदार पुरुष दुसरा नव्हता. सहा गुरुवारांत मलाही बऱ्यापैकी पुरुष होता येऊ लागलं. वॉल्ट्झ मला जड जात होता, तर आम्ही रविवारी सकाळी स्वयंपाकघरात ओट्यासमोर शेजारी शेजारी उभं राहून पावलं टाकायचो. डावा पुढे, उजवा बाजूला, जुळव. दोघंही पुरुषाची पावलं. मुलगी दुधात सीरियल कालवत आमच्याकडे बघायची आणि मान हलवायची. समोरासमोर उभं राहून बघावं हे दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. म्हणजे मला सुचलं नाही. तिचं मी आता सांगू शकत नाही.

मग बॉलचा दिवस आला. माझ्या पोशाखाबद्दल घरात मतभेद होते. मैत्रिणीचं म्हणणं होतं की मी अंगरखा आणि पगडी घालावी, भावोजी उठून दिसतील. मी ‘बघू’ म्हणालो आणि या वेळी तिने त्याचा अर्थ बरोबर घेतला. बायकोने मला राखाडी जाकीट शिवून दिलं होतं. वरचा काळा लांब कोट एका नाटकमंडळीने काढून टाकलेल्या कपड्यांतला होता. त्याच्या बाह्या माझ्या बोटांपर्यंत येत होत्या. विजारीला झिप नव्हती, आठ बटणं होती. त्यामुळे दुपारभर पाणी बेताने प्यायचं ठरलं. गळ्याभोवतीचा रुमाल मुलीने मोबाइलवर व्हिडिओ लावून बांधला. बांधून झाल्यावर दोन पावलं मागे सरकून तिने मला नीट न्याहाळलं आणि चक्क मराठीत म्हणाली, ‘ठीक आहे.’ एवढं कौतुक तिच्याकडून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

किल्ल्यापाशी पोचलो तर उंच टोपी घातलेला एक गृहस्थ खंदकाच्या कठड्याला सायकल साखळीने बांधत होता. त्याच्यामागून एक बाई सायकलवरून आली. तिने क्रिनोलिन वाद्यासारखं पाठीला अडकवलं होतं. आत लांब टेबलाशी रेशमी झग्यातल्या बायका प्लास्टिकच्या डब्यांतून चीज घातलेला ब्रेड काढून खात होत्या. एका आजोबांनी मला फार अदबीने विचारलं, ‘आपण महाराजा का?’ मी म्हणालो, ‘नाही, आयटी.’ त्यांनी तितक्याच अदबीने मान लववली.

दाराशी प्रत्येकाला एक छोटी वही मिळाली. पत्त्याएवढी, बारीक दोरीने पेन्सिल बांधलेली, आत चौदा ओळी. चौदा नाच, प्रत्येक ओळीत जोडीदाराचं नाव लिहायचं आणि वही मनगटाला अडकवायची. ही चाल त्या काळी सगळ्या युरोपात असेल, पण मला खात्री आहे की या देशाइतकी ती कुठेच मनापासून पाळली गेली नसेल. अफ्स्प्राकांचीच वही ती. बायकोने वही हातात पडताच खिडकीकडे तोंड करून काहीतरी लिहिलं आणि मग फीत बांधायला मैत्रिणीसमोर दंड धरला. मी माझी वही खिशात टाकली.

मास्तरांनी आधीच बजावलं होतं की नवरा-बायकोने एकमेकांना चिकटून राहायचं नाही, त्या काळी ते असभ्य समजत. मला हा नियम फार आवडला. बायकोसमोर चुकण्यापेक्षा अनोळखी माणसांसमोर चुकलेलं बरं. पहिली पोल्का मी ब्यूरफ्राउबरोबर केली. ती मला जवळजवळ उचलूनच घेऊन गेली. दुसरा नाच हिरव्या रेशमातल्या एका उंच बाईंबरोबर झाला, त्या निवृत्त न्यायाधीश निघाल्या. क्वाड्रिल लाल झग्यातल्या एका तरुण मुलीबरोबर, ती ग्रोनिंगनला कायदा शिकत होती. चौथ्या ठोक्याला माझे गुडघे थरथरले, पण वाकले नाहीत. पलीकडच्या चौकोनात बायको कुणा बाईला हात देऊन फिरवत होती. तिची मान ताठ होती आणि चेहरा अगदी कामावरचा होता, लॅबमध्ये असतो तसा.

नाच संपला की प्रत्येक बाई एकच विचारायची, ‘शेवटच्या वॉल्ट्झला मोकळा आहेस?’ त्याचं कारण मला मागाहून कळलं. पाच वाजले की निम्मे पुरुष पार्किंगकडे सटकतात. जो शेवटपर्यंत टिकणार तो मौल्यवान. मला वाटलं, माझ्या पावलांचं कौतुक होतंय. मी न्यायाधीशबाईंना हसून मान हलवली. लाल झगेवालीला म्हणालो, ‘का नाही, बघू या.’ ब्यूरफ्राउला तर म्हणालो, ‘तुम्हाला कोण नाही म्हणेल?’ त्यांच्या पेन्सिली कागदावर फिरल्या हे मी पाहिलंच नाही, कारण मी लगेच सरबताकडे वळलो होतो आणि पिऊ की नको याचा विचार करत होतो.

दहाव्या नाचानंतर विश्रांती होती. मैत्रिणीने मला खांबाआड गाठलं. तिचा आवाज खाली आला होता, आणि तो खाली येऊ शकतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

‘भावोजी, चौदाव्या नाचाला तुम्ही तीन ठिकाणी लागलाय. तीन वह्या मी स्वतः बघितल्या.’

‘मी कुणालाच हो म्हटलेलं नाही.’

‘नाही तरी म्हणालात का?’

मी खिशातली वही चाचपली.

‘आणि तिचं काय?’ तिने बायकोकडे मान वळवली. ‘तुम्हाला माहितीये का, शेवटच्या वॉल्ट्झला ती काय करते? तेरावा नाच संपला की फीत सोडते आणि त्या बाकावर जाऊन बसते. कुणी विचारलं तर म्हणते, मी आधीच दिलाय. आणि नाचत कुणाबरोबरच नाही. दोन वर्षं बघतेय मी. आम्ही सगळ्या नाचतो आणि ती हातातल्या फितीची घडी घालत बसते. तुम्ही बाहेर गाडीत असता.’

‘मला कधी बोलली नाही.’

‘बोलली होती म्हणे एकदा. पुलावर.’

तेव्हा मला तो पूल, ती खिडकी आणि तिचं ते ‘बरं’ आठवलं. अंगावरचा कोट एकदम फार जड झाला. मला माझी लाज वाटली, अगदी सरळ लाज, आणि तिच्याखालोखाल घाबरायलाही झालं. कारण आता मला तीन बायकांना, त्याही डच, तोंडावर नाही म्हणायचं होतं. माझ्या आयुष्यात मी ते एकदाही केलं नव्हतं. अकराव्या आणि बाराव्या नाचात मी काय केलं ते मला आठवत नाही. मनातल्या मनात मी कारणं जुळवत होतो. पाय मुरगळला म्हणावं, तर मी नाचत होतो. भारतातून फोन आलाय म्हणावं, तर मोबाइल गाडीत होता.

बारावा नाच संपल्यावर मी न्यायाधीशबाईंपुढे जाऊन उभा राहिलो. म्हणालो की मला अतिशय वाईट वाटतंय, माझ्याकडून मोठी चूक झालीय, माझा कुठलाही वाईट हेतू नव्हता. न्यायाधीशासमोर हे बोलताना कबुलीजबाब देतोय असं वाटलं. त्यांनी भुवया उंचावल्या. ‘म्हणजे नाचायचं नाही?’

‘नाही,’ मी म्हणालो.

‘यामर,’ त्या म्हणाल्या. यामर म्हणजे वाईट झालं, चालायचंच. आणि त्यांनी माझ्या नावावर रेघ मारली. संपलं. मी आणखी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो, अजून काहीतरी व्हायचं राहिलंय असं वाटून. त्या दुसऱ्या कुणाशी तरी बोलू लागल्या होत्या.

लाल झगेवालीपाशी मी निम्म्या वाक्यावर होतो तेवढ्यात ती ‘ओ, यामर’ म्हणाली, रेघ मारली आणि माझ्या खांद्यावरून पलीकडच्या आजोबांना हाक मारली. मला महाराजा समजणारे तेच. ते आनंदाने आले. मला थोडा अपमानही वाटला.

ब्यूरफ्राउ राहिली. तिच्यासमोर मी स्पष्टीकरण वगैरे दिलंच नाही. ‘मला शेवटचा वॉल्ट्झ बायकोबरोबर नाचायचाय. तुमच्याबरोबर नाही,’ म्हणालो.

तिने चष्मा खाली करून माझ्याकडे बघितलं. ‘म्हणूनच तर मी तुला सरावाला आणलं,’ ती म्हणाली. ‘मग आज माझ्याबरोबर नाचतो म्हणालास. मला वाटलं, तुझा विचार बदलला.’ तिनेही रेघ मारली, आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने माझ्या जाकिटाचं वरचं बटण दाखवलं. ते सुटलं होतं.

तेराव्या नाचाला मी बाहेर थांबलो. तो संपला तेव्हा घड्याळात पाच वाजून गेले होते आणि पुरुष टोप्या उचलून हळूहळू पुलाकडे निघाले होते. बायको खिडकीजवळच्या बाकावर बसली होती. दंड मोकळा होता. निळ्या फितीची घडी घालून तिने ती मांडीवर ठेवली होती.

मी टाचा जुळवल्या, शिकवल्याप्रमाणे कमरेत वाकलो आणि हात पुढे केला. ‘हा नाच माझ्याबरोबर कराल का?’ मराठीत ते वाक्य फार विचित्र वाटलं. आमच्यात असलं ‘कराल का’ वगैरे कधीच नसतं.

‘वही बघावी लागेल,’ ती म्हणाली. मनगटावरची वही उघडून तिने माझ्यासमोर धरली. चौदाव्या ओळीत माझं नाव होतं. तिच्या तिरप्या अक्षरात, खाली रेघ मारून.

‘हे कधी लिहिलंस?’

‘दुपारी. आल्याबरोबर.’

‘पण मी कुठे विचारलं होतं?’

‘मी विचारलं होतं ना. तू बघू म्हणालास.’

‘मग?’

‘मग इथल्या रीतीने लिहून टाकलं. दर वेळी लिहिते.’ ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली, भाजीत मीठ घातलंय हे सांगावं तसं. गाडीत बसून बघितलेल्या सगळ्या मॅचेस माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या, आणि त्यांतल्या एकीतही कोण जिंकलं ते मला आठवेना. मी काहीतरी बोलणार होतो, पण तेवढ्यात व्हायोलिनं सुरू झाली.

आम्ही दालनाच्या मधोमध गेलो. पहिल्यांदाच समोरासमोर उभे राहिलो. मी उजवा हात तिच्या पाठीवर ठेवला. तिनेही उजवा हात माझ्या पाठीवर ठेवला. एकाच ठोक्याला दोघांनीही डावा पाय पुढे टाकला आणि गुडघ्यावर गुडघा आपटला. पुन्हा धरलं, पुन्हा आपटला. तिच्या डालग्याची कडी माझ्या नडग्यांना लागली आणि मागून सगळा झगा घंटेसारखा वर झाला.

ती थांबली. तिचा चेहरा पडला. ‘अरे, मला बाईची पावलं येतच नाहीत,’ ती म्हणाली. ‘दोन वर्षं इथे बसले, आणि मला येतच नाहीत.’ ती रडणार की हसणार हे मला कळेना, बहुतेक तिलाही कळत नव्हतं. तिची नजर बाकावरच्या फितीकडे गेली. ‘थांब, मी बांधून येते. तेच बरं.’

‘नाही,’ मी म्हणालो. त्या दिवशीचं चौथं. ‘फीत नको. तू तुझीच पावलं टाक. मी मागे जातो.’

‘तुला मागे जाता येतं?’

‘बघू की,’ मी म्हणालो, आणि या वेळी मात्र मी खरंच बघणार होतो.

तिने मला धरलं. तिचा डावा पाय पुढे आला, माझा उजवा मागे गेला. पाठीमागे काय आहे ते मला दिसत नव्हतं आणि डालगं मला ढकलत होतं. एका खांबाला मी दोनदा लागलो. आजोबा आणि लाल झगेवाली आमच्या बाजूने सुंदर गिरक्या घेत गेले. मैत्रीण लांबून ओरडली, ‘भावोजी, डावीकडून जोडी येतेय!’ आणि पहिल्यांदाच ते खरं निघालं. बायको हसत होती. जांभळ्या झग्यात, दोन्ही दंड मोकळे, मान मागे टाकून हसत होती. असं तिला हसताना मी किती दिवसांत पाहिलं नव्हतं, हे मला तेव्हाच समजलं.

नाचमास्तर जोड्यांची वळणं तपासत आमच्यापाशी आले. त्यांनी आमच्या पायांकडे बघितलं, मग तिच्या मोकळ्या दंडाकडे, मग माझ्या कोटाकडे. बराच वेळ त्यांना काही जुळेना.

‘माफ करा,’ त्यांनी विचारलं, ‘तुमच्यातला पुरुष कोण?’

‘मी नाही,’ मी म्हणालो, आणि बायकोने मला पुढच्या वळणावर उलटं नेलं.